कोतवालाचा समुद्र

आमच्या वाशिम जिल्ह्यात समुद्र नाही. जवळचा किनारा गाठायचा तरी दोन-तीन एसट्या बदलाव्या लागतात आणि उतरल्यावर कंबर सरळ व्हायला आणखी एक दिवस जातो. तरीही रिठदच्या बाजूच्या एका गावात, बसथांब्यावरच्या चहाच्या हॉटेलात, तीन वर्षं रोज सकाळी साडेसातला समुद्राची बातमी मिळत होती. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. तिथली माणसं वाचतात आणि मग फोन करून माझ्या चुका सांगतात.

बातमी देणारे होते सुखदेवभाऊ कोतवाल. मी त्या गावात तलाठी होतो, म्हणजे कागदावर ते माझ्या हाताखाली. प्रत्यक्षात गाव ते चालवत आणि सही मी करत असे. कुठल्या बांधावरून कोणाचं बोलणं बंद आहे, कोणाची विहीर सातबाऱ्यावर आहे पण जमिनीत नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. पहिल्या महिन्यात मी दोनदा त्यांच्यावर साहेबी गाजवून बघितली. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी आणून दिलं आणि काम त्यांच्याच पद्धतीनं केलं. तिसऱ्यांदा मी नाद सोडला.

उंच, किडकिडीत माणूस. खाकी शर्ट, वरचं बटण लावलेलं. कोणताही प्रश्न विचारला की आधी आभाळाकडे बघायचे आणि मग उत्तर द्यायचे. एकदा तहसीलच्या एका बाईंनी त्यांचं वय विचारलं, तरी हे वर बघून आले. आणि कोणी काही ठामपणे सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असे, “मोजलं काय?” लय ऊन आहे म्हटलं तर मोजलं काय. सोयाबीन यंदा गुडघ्याच्या वर गेलं म्हटलं तर मोजलं काय. हॉटेलवाल्यानं एकदा बायको फार बोलते अशी तक्रार केली, तर त्यालाही हेच विचारलं, आणि चेहरा अगदी गंभीर ठेवून विचारलं.

मोजायची सवय पावसामुळे लागलेली. चावडीच्या आवारात पर्जन्यमापक होतं. वर नरसाळं, आत बाटली, आणि बाटलीतलं पाणी ओतून बघायला रेघा मारलेली काचेची नळी. सकाळी आठला ते मोजायचं आणि तालुक्याला कळवायचं, हे काम सुखदेवभाऊंचं. ते आंघोळ केल्याशिवाय त्या यंत्राला हात लावत नसत. नळी ओट्यावर ठेवून स्वतः उकिडवे बसायचे, डोळा बरोबर पाण्याच्या पातळीला आणायचे आणि ओठातल्या ओठात आकडा म्हणायचे. पुतण्याच्या लग्नात देवक बसवायच्या वेळी हे गायब होते. आठ वाजले होते.

त्यांचा एक किस्सा सांगतो, त्यात माझी शोभाच होते, पण सांगतो. एका सप्टेंबरात सोंगायला, म्हणजे कापायला, आलेल्या सोयाबीनवर रात्रभर पाऊस पडला. शेंगांना कोंब फुटायची वेळ आली. पासष्ट मिलिमीटर भरला की अतिवृष्टी धरतात, मग पंचनामे होतात. सकाळी आठला अर्धं गाव चावडीत होतं. सुखदेवभाऊ उकिडवे बसले, नळीकडे बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, “चौसष्ट.” त्यांचं स्वतःचंही दोन एकर सोयाबीन पाण्यात होतं. माणसं विनवण्या करू लागली, मग रागावू लागली. मीही त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, सुखदेवभाऊ, एकाचा तर प्रश्न आहे. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला माझी चप्पल बघावीशी वाटली. “साहेब, आज एक वाढवला तर उद्या माह्या आकड्यावर कोन इश्वास ठेवन?” चौसष्टच गेला. गाव त्यांच्याशी दिवाळीपर्यंत नीट बोललं नाही. नंतर मात्र कोणाला पावसाबद्दल पैज लावायची असली की निकाल त्यांच्याकडेच मागायचे.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी आवारात खांबावरचं स्वयंचलित यंत्र आलं. जुनं नरसाळं अडगळीत गेलं. सुखदेवभाऊ काही दिवस आठ वाजता येऊन त्या खांबाखाली उभे राहत. “हे सोताच मोजते अन् कोनाले सांगत नाही,” असं एकदा म्हणाले आणि यायचे बंद झाले. माणूस रिकामा पडला. मला वाटलं आता हा खचणार. पण तेवढ्यात त्यांना समुद्र मिळाला.

समुद्र मिळाला तो मंगेशमुळे. मंगेश हा त्यांचा एकुलता मुलगा. आमच्याकडे पोरं पोहायला विहिरीत शिकतात. उन्हाळ्यात कमरेला दोर बांधायचा, पाठीला रिकामी कॅन, आणि काठावरून बाप किंवा काका दोर धरून उभा. मंगेशचा दोर सुखदेवभाऊ स्वतः धरत, दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत. पोरगं आठवडाभरात दोर सोडून पोहायला लागलं. पुढे पंचक्रोशीत कोणाची मोटर विहिरीत पडली, कोणाची शेळी पडली, एकदोनदा माणूसही पडलं, की बोलावणं मंगेशला येई. बारावीनंतर तो रस्त्याच्या कामावर कोकणात गेला आणि तिथल्या एका किनाऱ्यावर, कोंडवेळ नावाच्या गावात, जीवरक्षक म्हणून लागला. लाल टीशर्ट, शिट्टी आणि काठावर लावायचे बावटे. पगार फार नव्हता, पण फोटोत पोरगं इतकं खूश दिसत होतं की सुखदेवभाऊ तो फोटो मला सातबारा दाखवल्यासारखा दोन्ही हातांनी धरून दाखवायचे.

मग एक दिवस ते माझ्याकडे आले, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, “साहेब, समुद्राचं हवामान कुठी भेटते?”

मी त्यांच्या फोनवर शोधून दिलं. कोंडवेळचं रोजचं पान निघालं. पाऊस, वारा, आभाळ, लाटेची उंची मीटरमध्ये, आणि शेवटी एक रकाना सेकंदांचा. दोन लाटांमधलं अंतर असं काहीतरी तिथे लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, हे काय. मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायची तलाठ्याला सवय नसते. मी म्हणालो, ते सोडून द्या, ते बोटवाल्यांसाठी असेल.

तेव्हापासून क्रम ठरला. साडेसहाला पान बघायचं, मंगेशला फोन करून आकडे सांगायचे, आणि साडेसातला हॉटेलात येऊन गावाला सांगायचे. मीटर गावाला कळत नाही म्हणून त्यांनी त्याचे परस केले. आमच्याकडे विहिरीची खोली परसात मोजतात, एक परस म्हणजे हात वर केलेला पुरता माणूस. “कोंडवेळले आज अर्धा परस लाट. वारा पश्चिमेचा. पाऊस नाही.” सुरुवातीला पोरांनी फार छळलं. कोतवालसाहेब, आमच्या वावरात लाट केव्हा येते, तूर काढून ठेवू काय. सुखदेवभाऊ शांतपणे सांगत, तुमच्या वावराचं पान अजून निघालं नाही. पण हळूहळू गावाला सवय झाली. एखाद्या दिवशी त्यांना उशीर झाला तर हॉटेलवाला विचारी, आज कोंडवेळचं काय. पोहरादेवीच्या यात्रेला गेलेली एक म्हातारी परत आल्यावर मला म्हणाली की यात्रा चांगली झाली, पण चार दिवस लाट समजली नाही.

घरात मात्र कौतुक नव्हतं. त्यांच्या पत्नी, वच्छलावहिनी, मला एकदा म्हणाल्या, “भाऊजी, पोट्टं एक गेलं समुद्रावर, पन समुद्र सारा माह्या घरात येऊन बसला.” पावसाळ्यात आकडे वाढले की सुखदेवभाऊंना जेवण जात नसे. फोन लावत, तर मंगेश कामावर असल्यामुळे उचलत नसे. ओसरीवर बसून ते फोनकडे बघत राहत. दोर धरून उभं राहायची सवय असलेला माणूस, आणि आता हातात नुसता आकडा. मी समजूत काढायचो की तिथे तज्ज्ञ असतात, सूचना येतात, तुमच्या सांगण्यावर काही अवलंबून नाही. ते म्हणत, माहीत आहे. आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुन्हा फोन.

मंगेशनं कधी त्यांना थांबवलं नाही. त्याच्याकडे सरकारी इशारा आधीच आलेला असे, समुद्र समोर दिसत असे, तरी तो बापाचे आकडे शेवटपर्यंत ऐकून घेई आणि म्हणे, “बरं बाबा.” तुम्ही एकदा या आणि समुद्र बघा, असं तो दर वेळी म्हणायचा. ह्यांचं कधी सोंगणं, कधी पेरणी, कधी म्हशीचं वेत. एवढी तीन वर्षं समुद्राचे आकडे सांगणाऱ्या माणसानं समुद्र पाहिला नव्हता.

तो दिवस मे महिन्यातला. लग्नं आटोपत आलेली, वावरं नांगरून तापत पडलेली. सकाळी सुखदेवभाऊंनी पान बघितलं. पाऊस शून्य. वारा मंद. आभाळ निरभ्र. लाट रोजचीच, अर्ध्या परसाच्या जरा वर. आमच्याकडे आभाळ मोकळं असलं की त्याला उघाड म्हणतात, आणि उघाड म्हणजे जीव भांड्यात पडतो. त्यांनी मंगेशला फोनवर सांगितलं, “आज उघाड हाय बापा. निवांत राह्य.” हॉटेलात येऊनही तेच सांगितलं. मी तिथेच होतो, चहा घेत होतो. त्यांनी त्या दिवशी दुसरा चहा घेतला होता, हे मला आठवतं, कारण ते कधी घेत नसत.

दुपारी चारला तिकडून फोन आला. कोणा कुटुंबातली तीन पोरं पाण्यात ओढली गेली होती. मंगेश गेला, दोघांना काठाला आणलं, तिसऱ्यासाठी पुन्हा गेला. तिसऱ्याच्या हातात त्यानं रिंग दिली, ते पोर दोरानं ओढून घेतलं. मंगेश दिसला नाही.

आम्ही जीप करून निघालो. सुखदेवभाऊ, त्यांचा पुतण्या आणि मी. वहिनी घरी राहिल्या, त्यांना सांगितलं होतं की मंगेशला लागलं आहे. वाटेतच कळलं की तो सापडला. सुखदेवभाऊंनी फोन कानाला धरून ऐकलं, पुतण्याकडे दिला आणि एवढंच विचारलं की ती तीन पोरं बरी आहेत ना. बरी होती. मग ते खिडकीबाहेर बघत राहिले.

दवाखान्यातले कागद होईपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. सुखदेवभाऊ म्हणाले, मले तो समुद्र दाखवा. मंगेशच्या जोडीला काम करणारा दिनू नावाचा तिथलाच तरुण आम्हाला घेऊन गेला.

वर निळं आभाळ, ढगाचा ठिपका नाही. पान हलत नव्हतं. आणि खाली लाटा एकामागून एक, सावकाश, उंच होत येत होत्या आणि वाळूवर आपटत होत्या. सुखदेवभाऊंनी आधी वर बघितलं, मग समोर. कितीतरी वेळ त्यांचं वर आणि खाली बघणं चाललं होतं. हिशेब लागत नव्हता. शेवटी दिनूला म्हणाले, “पाऊस नाही, वारा नाही. हे कुठून आलं मंग?”

दिनूनं सांगितलं. दूर, खूप दूर दक्षिणेला कुठल्या तरी समुद्रात वादळ होऊन गेलेलं असतं. इथे त्याचा पत्ताही नसतो. पण तिथून निघालेल्या लाटा चार-सहा दिवसांनी इथे येतात. खोल पाण्यात त्या लहान दिसतात, काठाला आल्या की उभ्या राहतात. त्यांची खूण म्हणजे दोन लाटांमधले ते सेकंद. एरवी आठ-नऊ असतात, काल सतरा होते. म्हणून तर आम्ही सकाळीच लाल बावटा लावला, तो म्हणाला.

सुखदेवभाऊ वाळूत बसले. “पैनगंगेचा पूर असाच येते,” ते म्हणाले. “अथी थेंब नाही, अन् वरे पडलेलं पानी गावात घुसते. म्या सोता दवंडी देल्ली हाय, आभाळ पाहून नदीत उतरू नका म्हनून. चाळीस वर्सं देल्ली. मले कसं नाही समजलं?”

दिनूला वाटलं म्हाताऱ्याला धीर द्यावा. चांगल्या मनाचा पोरगा. तो म्हणाला, काका, तुमच्या फोनचा काही संबंध नाही. तुमचा फोन ठेवून मंगेश हसला, म्हणाला, बाबा म्हणतात आज निवांत राहा. आणि हसत हसतच त्यानं स्वतःच्या हातानं लाल बावटा रोवला. त्याला सगळं माहीत होतं. शिट्ट्या मारून सगळ्यांना हाकलत होता. त्या पोरांनी ऐकलं नाही, त्याला तो काय करणार.

हे सगळं खरं होतं. पण सुखदेवभाऊंनी त्यातलं फक्त निवांत राहा एवढंच ऐकलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी नंतर वाटेत, गावात, त्यांच्या ओसरीवर, किती वेळा ते पुढचं वाक्य त्यांना सांगितलं असेल. बावटा लाल होता, सुखदेवभाऊ. त्यानं तुमच्या भरवशावर काही केलं नाही. ते मान हलवत. मग म्हणत, “पन म्या निवांत राह्य म्हनलं.”

परतीच्या वाटेवर मी त्यांना माझं सांगितलं. सेकंदांचा रकाना सोडून द्या असं मी म्हणालो होतो, ते. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुमी कायले आंगावर घेता साहेब? तुमी काय समुद्राचे मानूस हा?” मला त्यांनी एका वाक्यात सोडवलं. स्वतःला सोडवायला मात्र त्यांच्याकडे तसं वाक्य नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. पुढच्या आयुष्यात मी अनेक फेरफार नोंदी दुरुस्त केल्या, ही एक मला दुरुस्त करता आली नाही.

हॉटेलात ते यायचे बंद झाले. गावानंही कोंडवेळचं नाव काढणं सोडलं. साडेसातला सगळे असेच गप्प चहा पीत आणि उठून वावरात जात. वच्छलावहिनी माझ्याशी बोलायच्या, पण सुखदेवभाऊंबद्दल विचारलं की म्हणायच्या, आहे, जेवते, झोपते. एवढंच. एकदा मात्र पदर तोंडाला लावून म्हणाल्या, मंगेश गेला त्याचं मी रडून घेते, ह्या माणसाचं मी काय करू. मग माझी बदली मंगरूळपीरला झाली. निघताना मी भेटायला गेलो तर ते घरी नव्हते. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

त्यानंतर त्यांना एकदाच पाहिलं. मंगरूळपीरच्या बसस्टँडवर, सकाळच्या पहिल्या गाडीच्या वेळी. मला बैठकीसाठी वाशिमला जायचं होतं. ते बहिणीकडे आले होते आणि गावी परत निघाले होते. बाकावर बसले होते, अंगात तोच खाकी शर्ट, गळ्याशी आता सैल झालेला. चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ धरला होता. मी हाक मारणार तेवढ्यात त्यांनी फोन कानाला लावला. स्टँडवर फारशी गर्दी नव्हती, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

“दिनूभाऊ, सुखदेव बोलून राह्यलो. आज सेकंद चौदा हाय. लाट बारीक दिसन, तिच्यावर जाऊ नको. आभाळावर बी जाऊ नको. लोकायले आत सोडू नको, अन् तू सोता दोर बांधल्याबिगर उतरू नको.”

तिकडून काहीतरी उत्तर आलं. दोन शब्द असतील. त्यांनी फोन खाली घेतला, पण खिशात ठेवला नाही. दिनूला हे चौदा सेकंद आधीच माहीत असणार. त्याच्यासमोर समुद्र होता. तरी तो रोज उचलत होता, हे त्या फोनच्या सुरावरून कळत होतं. एका पोराला द्यायचा राहिलेला इशारा हा माणूस दुसऱ्या पोराला रोज देत होता, आणि त्यानं काही परत येणार नव्हतं.

मी जवळ जाऊन बसलो. तब्येत, वहिनी, म्हैस, सगळं विचारून झालं. त्यांनी सगळ्याची नीट उत्तरं दिली. माझी गाडी लागली. उठता उठता, काहीतरी बरं बोलावं म्हणून, मी म्हणालो, “दिनू ऐकतो का तुमचं?”

“आयकते ना साहेब,” ते म्हणाले. “मंगेशबी आयके.”